तिकडचा बुधवार

दसरा झाला की यवतमाळच्या हवेत काहीतरी बारीक पांढरं तरंगायला लागतं. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जातात. ताडपत्रीच्या फटीतून कापूस उडतो आणि विजेच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना, रस्त्याकडेच्या पाट्यांना चिकटून बसतो. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. काळ्या कोटावर असला एक तंतू बसला तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, म्हणून या दिवसांत मी दारात ओला पडदा सोडतो. तरीही एखादं पुंजकं आत येतंच. मी ते उचलतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ओढून धाग्याची लांबी बघतो, आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहतो. आमच्या भागात वाढलेल्या माणसाची ही सवय जात नाही. मी हे जगाच्या दुसऱ्या टोकालाही केलेलं आहे, आणि आज लिहायला बसलोय ते त्यामुळेच.

परवा ताईचा फोन आला. "रविवारी सीतादही हाय. सकाळीच ये. मागच्या सालासारखा उन्ह चढल्यावर येऊ नको."

"येतो."

"दही मी लावते. तू फक्त ये."

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण शकुन, आर्णीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावी एकटी राहते. शेत तीच बघते. पहिली वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. कपाशीच्या झाडांपाशी, आमच्या बोलीत पराट्यांपाशी, पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभात शिंपडायचा, कणकेचा दिवा ठेवायचा आणि मग एका पराटीवरचा कापूस न तोडता ओढून तिच्या शेजारणीला गुंडाळायचा. दोन झाडं पांढऱ्या धाग्यानं बांधलेली दिसली की वेचणीला मोकळीक. आमच्या घरची पद्धत अशी की पहिलं बोंड घरातल्या पुरुषानं वेचायचं. आधी बाबा वेचत. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

ते मी तीन वर्षं केलं आणि निघून गेलो.

कुठे, तर समुद्रावर. नागपूरच्या एका हॉटेलात मी धुलाईखात्यात होतो. तिथून ओळखीनं एका मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरी लागली. गावाकडे वाटायचं की बापू जहाजावर आहे म्हणजे डेकवर उभा राहून निळं पाणी बघतो. आमचं धुलाईघर पाण्याच्या पातळीखाली होतं. खिडकी नाही. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, सगळं पांढरं, ढिगांनी खाली यायचं आणि घड्या होऊन वर जायचं. बंदर आलं हे आम्हाला डोळ्यांनी कळत नसे, पायांना कळे. लोखंडी फरशीची थरथर थांबली की कुणीतरी म्हणायचं, लागलं.

तिथे माझी एक वेगळी किंमत होती. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. जहाज पुढे पुढे जाई तसा मी रोज तो बदलायचो. इथे अमुक वाजले तर मनिलात किती, गोव्यात किती, कोणता वार. घरी फोन करायचा तर पोरं आधी माझ्याकडे येत. गोव्याचा आग्नेल माझ्या बाजूच्या मशीनवर होता. तो म्हणायचा, "बापू, तू चुकलास तर माझी बायको झोपेतून उठून मला शिव्या घालील." मी कधी चुकलो नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्या वर्षांत आमच्या भागात कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंडअळी आतून खायची. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि फोडलं की आत काळा भुगा. जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते वाईट बातमीबरोबरच. जहाजावर कुणाला यवतमाळ माहीत नव्हतं. "मुंबईकडे" म्हटलं की भागायचं, आणि खरं सांगतो, मला त्याचं फार बरं वाटायचं. अंगाला मातीचा वास नाही, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे नाहीत, गुडघ्यापर्यंत दव नाही. साबणाच्या वाफेत मी जणू नव्यानंच जन्मलो होतो.

पण घरी आई होती. तिची उजवी बाजू गेलेली. ताई तिचं सगळं करायची, आणि शेतही. ताईचं लग्न राहूनच गेलं होतं. आधी बाबांचं आजारपण, मग माझं शिक्षण, मग आई. कुणी ठरवून राहू दिलं नाही. एकेक वर्ष सरकत गेलं, एवढंच.

आणि मग त्या वर्षी तिचं पत्र आलं. जहाज कोणत्या बंदरात कधी, याची यादी मी घरी पाठवत असे. बंदरातला माणूस टपाल आणून द्यायचा. ताई सातवी शिकलेली. अक्षर मोठं, ओळ वर चढत जाणारी. पत्र मला पाठ आहे.

तिनं लिहिलं होतं की ढाणकीचे एक मास्तर आहेत, भूगोल शिकवतात, बायको वारून तीन वर्षं झाली, लहान मुलगी आहे. माणूस चांगला आहे. त्यांनी स्वतःच विचारलं. आईलाही घेऊन चला म्हणाले, पण आई जावयाच्या दारी जायला तयार नाही. पुढे लिहिलं होतं, "तू परत आला आन आईजवळ राह्यला तं मी हो म्हनीन. तुले जमत नसन तं तसं सांग, मी राग धरनार नाही. पन सांग. त्याहिले दिवाळीच्या आधी उत्तर द्याचं हाय. तुह्या यादीत त्या बेटावर जहाज दोन दिवस थांबते. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी आर्णीले बूथवर बसते, गजाननभाऊले सांगून ठेवलं हाय. फोन लाव."

तेव्हा घराघरात फोन नव्हते. आर्णीत गजाननभाऊंचा पिवळ्या पाटीचा बूथ होता. एक बाकडं, एक काचेची पेटी, आणि बाहेरून येणारा फोन ओळखीच्या माणसाला घेऊ देण्याची त्यांची माया.

पत्रात मागितलं होतं ते दोन शब्दांचं काम होतं. येतो, किंवा येत नाही.

ते बेट म्हणजे ताहिती, आणि बंदराचं नाव पापीते. नकाशात पॅसिफिकच्या मधोमध एक ठिपका. जहाज सकाळी लागलं तेव्हा मी खाली चादरींत होतो. दुपारनंतर सुटी मिळाली. जिना चढून वर आलो आणि उजेडानं डोळेच मिटले.

डोळे उघडले तर आधी डोंगर दिसले. मला वाटलं होतं बेट म्हणजे सपाट वाळू आणि नारळाची झाडं. इथे बंदराच्या पाठीशीच हिरवे, काळपट डोंगर सरळ उभे, आणि त्यांच्या डोक्यावर ढग बसलेले. समोर समुद्रात दुसरं एक बेट, करवतीसारख्या कडांचं. धक्क्यावर पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायला बायका उभ्या होत्या. आम्ही मागच्या शिडीनं उतरायचो, आम्हाला हार नसत. तरी वास सगळ्यांना सारखाच यायचा. आपल्या अनंतासारखं पांढरं फूल, आणि त्यात व्हॅनिलाचा गोड, जडसर वास.

बाजारात एक म्हातारी तीच फुलं घेऊन बसली होती. अंगानं ऐसपैस, रंगानं माझ्या आईसारखी गव्हाळ. तिनं एक फूल मला दिलं आणि खुणेनं विचारलं, कोणत्या कानावर? मला कळेना. तेव्हा शेजारच्या पोरीनं मोडक्या इंग्रजीत समजावलं की डाव्या कानावर फूल म्हणजे कुणाचं तरी झालेलं माणूस, उजव्या कानावर म्हणजे अजून मोकळं. म्हातारी हसत होती. मी फूल खिशात घातलं. त्यावर म्हातारी काहीतरी म्हणाली, त्याचा अर्थ पोरीनं सांगितला नाही, पण बाया हसल्या खूप.

मला ताई आठवली. पस्तिशीची ताई कोणत्या कानावर फूल लावेल, हे त्या क्षणी माझ्या हातात होतं.

मी भटकत राहिलो. रंगीत, मोठ्या फुलांचे छापील कपडे दोरीवर वाळत होते. तिथल्या बायका ते एकच कापड अंगाला गुंडाळतात. मी कापड बोटांत धरून बघितलं, सुती होतं. रस्त्यावर कोंबडे हिंडत होते, कुणाच्या मालकीचे नसल्यासारखे. घरांच्या कुंपणात जास्वंद, पपई, आंबा, आणि फणसाचा धाकटा भाऊ शोभेल असं एक फळ. सगळं ओळखीचं आणि कशालाच माझी ओळख नाही. मी मोठ्यानं मराठीत म्हणालो, "काय करू?" कुणी वळूनही बघितलं नाही. इतकं एकटं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हलकंही. हे दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, त्याला मी काय करू.

संध्याकाळी साडेसहा. सूर्य समोरच्या बेटामागे जाऊन अर्धा तास झाला होता. बंदरात लांबट होड्या घेऊन पोरं वल्ही मारत होती, पाणी जांभळं झालं होतं. त्यांच्याकडे बुधवारची संध्याकाळ, म्हणजे आर्णीत गुरुवारी सकाळचे दहा. माझ्या तक्त्यात ही ओळ मी तीन दिवस आधी लिहून ठेवली होती. खिशात फोनचं कार्ड होतं. धक्क्याजवळ काचेची पेटी होती, आत निळा फोन. पेटीशेजारी गवतावर चटया टाकून पंधरावीस बाया बसल्या होत्या, देवळातल्या भजनी मंडळासारख्या. एकीकडे छोटी गिटार. त्या गाण्याचा सराव करत होत्या. एक आवाज पुढे जायचा, बाकीचे त्याला खालून उचलून धरायचे.

मी नंबर फिरवला. दोन वेळा लागला नाही. तिसऱ्या वेळी घंटी वाजली. अर्धीच वाजली असेल, कुणीतरी झडप घालून उचलला.

"हॅलो? बापू?"

ताईचा आवाज. दम लागलेला, जणू बाकड्यापासून पेटीपर्यंत धावत आली.

"बापू? आयकू येते का? बोल ना. मी हाओ."

मागून गजाननभाऊंचा आवाज, "जोरात बोला जी बाई, लांबचा हाय." आणि एक सायकलची घंटी. आर्णीची सकाळ माझ्या कानात होती. मी तोंड उघडलं. "येतो" म्हणायचं होतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे "येत नाही" म्हणायचं होतं, आणि तेवढंही धाडस झालं नाही. नाही म्हटलं असतं तर ती मोकळी झाली असती. आईची दुसरी काही सोय तिनं पाहिली असती, किंवा मास्तरांना सरळ नकार देऊन टाकला असता आणि माझ्यावर रागावली असती. तिला मी राग धरण्याचंही कारण दिलं नाही.

"बापू?" तिनं एकदा हळूच म्हटलं.

मी फोन ठेवला.

त्या बाया गातच होत्या. मी पेटीतून बाहेर आलो तेव्हा एकीनं सरकून चटईवर जागा दिली. त्यांना वाटलं असेल घरी काही वाईट झालं. मी त्यांच्यात जाऊन बसलो. काही न समजता ते गाणं तीनदा, चारदा ऐकलं. ती चाल तेव्हापासून माझ्यात राहायला आली आहे. कॉलरवर इस्त्री फिरवताना आपोआप ओठांवर येते, आणि मी ओठ मिटून घेतो.

जहाजावर आग्नेलनं विचारलं, "लागला काय रे फोन?"

"नाही लागला," मी म्हणालो. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली. नंतर सवय झाली.

दुसऱ्या दिवशीही जहाज तिथेच होतं. संध्याकाळी त्याच वेळेला मी उतरलो, पण फोनच्या पेटीकडे गेलो नाही. उलट्या बाजूनं चालत राहिलो. एका चर्चच्या मागे, कुंपणाशी, मला कपाशीचं झाड दिसलं.

मी थबकलोच. आपल्या पराटीपेक्षा उंच, झुडपासारखं वाढलेलं, कुणी पेरलेलं नसावं. पण पान तेच, पिवळं फूल तेच, आणि दोन बोंडं फुटलेली. मी जवळ गेलो, एक पुंजकं ओढलं, अंगठ्यांत धरून लांबवलं. धागा आखूड होता. मग मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. समुद्राच्या काठावरून पोवळ्याचे पाच पांढरे तुकडे आणले. झाडाच्या बुडाशी मांडले. हळदकुंकू नव्हतं, खिशातलं कालचं सुकलेलं फूल ठेवलं. दही कुठून आणणार? शहाळं घेतलं होतं, त्यातलं पाणी शिंपडलं. एका बोंडाचा कापूस ओढून शेजारच्या जास्वंदीला गुंडाळला, कारण दुसरी पराटी नव्हती. हात जोडले. मनाशी म्हणालो, ताई, मी इथं सीतादही केलं.

मला खरोखर वाटलं की काहीतरी फिटलं. आम्ही लोक असेच. बोलायचं ते बोलत नाही, आणि पाच खडे मांडून येतो.

तिथूनच पुढे निघाल्यावर मी ताईला पत्र लिहिलं. "तिकडे वार एक मागे असतो, हे मला कळलंच नाही. मी त्यांच्या गुरुवारी फोन करायला गेलो, तर आपल्याकडे शुक्रवार उजाडला होता. म्हटलं आता तू कशाला बसली असशील. रागवू नको." सगळ्या जहाजाला वेळ सांगणारा मी हे लिहीत होतो. येण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढच्या वैशाखात मास्तरांचं दुसरीकडे लग्न झालं. दोन वर्षांनी आई गेली, मी तेरवीलाही पोचलो नाही. जहाजावर एकूण सात वर्षं काढून नोकरी सुटली तेव्हा परत आलो, यवतमाळात दुकान टाकलं. माझं लग्न ताईनंच जमवलं. हळदीला माझ्यामागे करवली म्हणून दिवा घेऊन तीच उभी होती, चाळिशी ओलांडलेली करवली, आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी पुण्याला असते. तिला बाबा कमी बोलतात एवढंच माहीत आहे.

परत आल्यावर पहिल्या सीतादहीला गेलो तेव्हा गावच्या रुख्माबाईनं सांगितलं, "भाऊ, तुमी नव्हते तं ताई पयलं बोंड वेचूच देत नव्हती जी कोणाले. थे तसंच ठेवायची. लोंबून लोंबून मातीत जाये." ताई म्हणाली, "तोंड चालव कमी, हात चालव." आणि मी त्या वर्षीचं पहिलं बोंड वेचलं. सात वर्षं न वेचलेली सात बोंडं माझ्या डोळ्यांसमोर होती.

तरी मी बोललो नाही. बोललो असतो असंही नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. हातात करड्या रंगाचा जुना कोट. "मुलीचं लग्न आहे, जरा नीट करून द्या." पावतीवर नाव घातलं आणि गाव विचारलं. ढाणकी म्हणाले. मी वर पाहिलं.

ते पाटीकडे, मग माझ्याकडे बघत होते. "शकुनताईंचे बंधू ना तुम्ही? जहाजावर होतात."

मी मान हलवली.

"कशा आहेत त्या?"

"चांगल्या आहेत."

थोडा वेळ ते कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिले. मग, शिकवताना हसत असतील तसं, हसून म्हणाले, "त्या दिवशी बूथवर मी होतो त्यांच्यासोबत. त्या घाबरल्या होत्या, वेळ चुकली तर काय. मी कागदावर पृथ्वी काढून दाखवली. तिकडचा बुधवार, संध्याकाळ, म्हणजे आपला गुरुवार, सकाळ. बरोबर वेळ आहे म्हटलं. आणि दहाच्या ठोक्याला फोन आलाही. पण तो राँग नंबर निघाला."

"राँग नंबर?"

"त्यांनीच सांगितलं. ठेवला आणि म्हणाल्या, राँग नंबर होता. एक वाजेपर्यंत बसलो आम्ही. दुसऱ्या दिवशी मला शाळा होती. त्या एकट्याच जाऊन बसल्या म्हणे." ते पावती घडी करून खिशात ठेवत होते. "नशीब एकेकाचं. कोट कधी मिळेल?"

"मंगळवारी," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी तो कोट मांडीवर घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी ताई बाकड्यावर बसली होती, त्याच वेळेला मी चर्चमागे शहाळ्याचं पाणी शिंपडत होतो. आणि पत्रातलं माझं खोटं तिच्या हातात पडलं तेव्हा तिच्याजवळ मास्तरांनी काढलेली पृथ्वी होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली आहे. ती मात्र माझी लपवाछपवी झाकून बसली होती.

कोट मी स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला.

काल रविवार होता. मी उन्ह चढायच्या आत पोचलो. दव होतं, पॅंट गुडघ्यापर्यंत ओली झाली. ताईनं खडे मांडले, दहीभात शिंपडला, दिवा लावला. आता तिचे केस अर्धे पांढरे. पहिलं बोंड मी वेचलं, तिनं दोन पराट्या धाग्यानं बांधल्या, आणि वेचणी सुरू झाली. रुख्माबाई आणि दोघीतिघी पलीकडच्या तासांत, म्हणजे कपाशीच्या ओळींत होत्या. ताई आणि मी शेजारशेजारच्या तासांत. ओटीत कापूस टाकत टाकत ती पुढे चालली होती. तिचे हात बघताना मी म्हणालो, "ताई, तो फोन मीच केला होता."

"कोनता?"

"आर्णीच्या बूथवरचा. तू हॅलो म्हणाली, अन् मी ठेवून दिला."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय मले."

"कधीपासून?"

"तवापासून. राँग नंबरवाला इतका वेळ नुसता श्वास घेत राह्यते का रे?"

"मग मास्तरांना तसं काहून सांगितलं?"

ती माझ्याकडे वळली. "तं काय सांगू? भाऊ जिता हाय, कानाशी हाय, अन् बोलून नाही राह्यला? राँग नंबर म्हटलं का संपलं."

"तुला राग नाही आला?"

"आलता. लय आलता. मायेची शपथ, लय आलता. मंग दोन वर्सं तुले पत्रं आईच्या नावानं लिहिली मी. खाली 'तुझी आई' लिहू लिहू. ध्यानात तरी आलं का तुह्या?"

नव्हतं आलं. आईला हात हलवता येत नव्हता, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पराटीचं पान धरून उभा राहिलो. माफ कर म्हणायचं म्हणून मी गेलो होतो. तो शब्द आमच्या घरात कुणी कुणाला कधी म्हटलेला नाही, आणि माझ्यानंही म्हणवला नाही. तिनं मला खूप वेळ तसंच उभं राहू दिलं. स्वतः चार पराट्या पुढे गेली, मग थांबली.

"इतकी वर्सं झाली, तिथलं तू काहीच सांगतलं नाही," ती म्हणाली. "जग फिरून आला तू. थ्या गावचं नावबी मी यादीतच वाचलं."

"तुला काही विचारायचं होतं?"

"एकच." ती माझ्याकडे बघत नव्हती, बोंडाकडे बघत होती. "तू बोलत नव्हता, तवा मागं कोनी गानं म्हनत होतं. बाया होत्या. लय बाया. एकजन पुढं जाये, बाकीच्या मागून धरे. मी आयकत राह्यली. म्हटलं, कुठं तरी चांगल्या जागी हाय हा. कायचं होतं रे थे गानं?"

"शब्द नाही माहीत, ताई. त्यांची भाषा वेगळी."

"शब्द कोनाले पायजे?"

मी गळा साफ केला. आयुष्यात कुणासमोर गायलो नाही. पहिली ओळ कोरडीच निघाली, वर जायचं तिथं आवाज फाटला. पलीकडच्या तासातून रुख्माबाई ओरडली, "काय जी भाऊ, भजन सुरू केलं काय?" बाया हसल्या. ताईनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला, तशा त्या गप्प झाल्या. मी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. तो एकटा आवाज पुढे जातो तिथपर्यंत गेलो, मग बाकीच्या खालून येतात ते नुसत्या हुंकारानं भरलं.

ताईची मूठ कापसानं भरली होती, ती ओटीत टाकायची राहिली होती.

"हां," ती म्हणाली. "हेच होतं."